परतीचं तिकीट कुणाच्या हाती?

‘मॉर्मन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी ख्रिस्ती संप्रदायातल्या मुलाचं मिशनवर, म्हणजे घर सोडून दोन वर्षं धर्मप्रचाराला, जायचं ठरलं की सुरुवातीच्या फेऱ्यांमधली एक दातांच्या डॉक्टरकडे होते. किडलेला दात भरून घ्यायचा, पुढं त्रास देईल अशी अक्कलदाढ काढून टाकायची. कारण पेरूतल्या डोंगराळ गावात किंवा फिलिपिन्सच्या एखाद्या बेटावर दाढ ठणकायला लागली, तर चांगला दवाखाना अर्ध्या दिवसाच्या बसप्रवासावर असू शकतो. मग शारीरिक तपासणी, लसी, आधीच्या आजारांची आणि मनाच्या दुखण्यांची माहिती. स्थानिक मंडळीचा बिनपगारी प्रमुख म्हणजे बिशप, तो मुलाखत घेतो. त्याच्या वरचा, अनेक मंडळ्यांचा प्रमुख म्हणजे स्टेक प्रेसिडेंट, तो पुन्हा मुलाखत घेतो. कागद सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयात पोचले की काही आठवड्यांत नेमणूक येते. देश कुठला, भाषा कुठली, हे मुलानं निवडायचं नसतं.

जाण्याची तयारी इतकी बारकाईनं होते. मुदतीआधी परत यावं लागलं तर काय, याची तयारी मात्र मुलाकडून कुणी करून घेत नाही. घरच्यांची होत नाही आणि मंडळीचीही होत नाही. मिशनबद्दलच्या वादात सहसा पांढरे शर्ट, दारावरची थाप आणि धर्मांतर एवढंच बोललं जातं. मला सगळ्यात तातडीचा वाटतो तो हा परतीचा प्रश्न. जो स्वखुशीनं आणि पदरमोड करून गेला, त्याला तितक्याच सहज आणि तितक्याच मानानं परत येता आलं पाहिजे. तसं येता येत नसेल, तर जाण्यातली स्वखुशीही अर्धीच राहते.

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे या संप्रदायाचं पूर्ण नाव. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये असं चर्चनं २०१८ पासून आग्रहानं सांगितलं आहे, म्हणून इथंही पुढं ‘चर्च’ एवढंच म्हणतो. तरुण मुलांनी २४ महिने मिशन करणं हे धार्मिक कर्तव्य समजलं जातं. मुलींसाठी ते ऐच्छिक आहे आणि मुदत १८ महिने. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी वयाची अट खाली आणली. मुलं १९ ऐवजी १८ व्या वर्षी आणि मुली २१ ऐवजी १९ व्या वर्षी जाऊ लागल्या. तेव्हा ५८ हजारांच्या आसपास असलेली मिशनरींची संख्या दोन वर्षांत ८८ हजारांपर्यंत चढली, नंतर पुन्हा उतरली. २०२५ च्या अखेरीस मुलींसाठीही वय १८ करण्यात आलं.

हे एक वर्ष कमी होणं दिसायला लहान आहे. पूर्वी एकोणिसाव्या वर्षी निघणारा मुलगा बहुधा कॉलेजचं एक वर्ष घराबाहेर काढून आलेला असे. आपले कपडे आपण धुणं, खोलीतल्या दुसऱ्याशी जमवून घेणं, आजारी पडलो तर डॉक्टर गाठणं, हे त्याला थोडंफार जमत असे. आता शाळा संपली की दोन-तीन महिन्यांत बॅग भरली जाते. घराबाहेरचा पहिला मुक्काम हाच, आणि तोही परक्या देशात, परक्या भाषेत.

त्याचा दिवस कसा जातो हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ होईल.

सकाळी साडेसहाला उठायचं. प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, न्याहारी. आठच्या सुमाराला तासभर एकट्यानं धर्मग्रंथांचा अभ्यास, मग तासभर जोडीदाराबरोबर. नवी भाषा शिकत असेल तर तिला आणखी अर्धा ते एक तास. दहा-अकराच्या सुमाराला बाहेर पडायचं, ते रात्री नऊपर्यंत. मधे दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाची वेळ. परत आल्यावर दिवसाचा हिशोब, उद्याचं नियोजन, रोजनिशी, आणि साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून या वेळापत्रकात देशपरत्वे थोडी लवचिकता आली आहे, पण सांगाडा तोच. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, ‘तयारीचा दिवस’ असतो. आठवड्याचे कपडे, किराणा, केस कापणं, खोली झाडणं, घरी पत्र आणि फोन, हे सगळं त्यात बसवायचं, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा कामाला लागायचं. नावाप्रमाणेच तो तयारीचा दिवस असतो, विश्रांतीचा नव्हे. दोन वर्षांत सलग चोवीस तास मोकळे असे मिळतच नाहीत. थकवा साठत जातो तो इथं.

बाहेर पडून काय करायचं? ज्यांनी भेटायला होकार दिला आहे त्यांच्या घरी धडा घ्यायचा. ज्यांनी दिलेला नाही त्यांना रस्त्यात, बसथांब्यावर, दारात गाठायचं. मंडळीतल्या सभासदांना भेटायचं, कुणाचं अंगण साफ करून द्यायचं, कुणाचं सामान हलवायला मदत करायची, इंग्रजीचे फुकट वर्ग घ्यायचे. अलीकडे यातला बराच भाग फोनवर, समाजमाध्यमांवर गेला आहे. सायकलीचा भाग असेल तर हेल्मेट सक्तीचं. पाठीवर सॅक, तिच्यात पुस्तकं, पाण्याची बाटली, पंक्चरचं सामान. उन्हाळ्यात सॅकच्या पट्ट्यांखाली पांढरा शर्ट घामानं पिवळा पडतो आणि कॉलर सगळ्यात आधी विरते. बूट नाल ठोकल्यासारखे वाजेपर्यंत झिजवले जातात. दार उघडून ‘नको’ म्हणणारे बहुसंख्य, न उघडणारे त्याहून जास्त. आठ तासांत एकही संवाद पाच मिनिटांपुढं गेला नाही असे दिवस सर्वांच्या वाट्याला येतात. ही गोष्ट त्या मुलाला निघण्याआधी स्पष्ट सांगायला हवी. यशाच्या गोष्टी ऐकून गेलेला मुलगा अशा दिवसांचा दोष स्वतःला देतो.

आणि जोडीदार. मिशनरी एकटा कधीच नसतो. दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. निजायची खोली एक, पलंग दोन. मोकळीक न्हाणीघरात, त्या भागातल्या मिशनरींचा प्रमुख असलेल्या मिशन प्रेसिडेंटशी होणाऱ्या मुलाखतीत, आणखी एखाद्या ठरलेल्या प्रसंगी. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, म्हणजे २४ महिन्यांत सतरा वेळा जोडी किंवा गाव बदलण्याची शक्यता. जोडीदार आपण निवडत नाही. हा नियम मला योग्य वाटतो. अनोळखी शहरात रात्री नऊला एकट्या पोरानं फिरण्यापेक्षा दोघं असणं केव्हाही बरं. अपघात झाला, कुत्रा चावला, कुणी दमदाटी केली, तर मदत आणायला दुसरा असतो. एकट्या मुलावर जे आरोप होऊ शकतात त्यांनाही यानं आळा बसतो. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांच्या कुरबुरी मोकळेपणानं बोलाव्यात अशीही सोय आहे, आणि ज्या जोड्या ती मनापासून पाळतात त्यांची भांडणं भांडी कुणी घासायची यापुढं जात नाहीत.

पण हाच नियम दुखण्याच्या वेळी आडवा येतो. समजा, एका मुलाला तीन आठवडे झोप नाही. साडेदहाला दिवा मालवला की तो छताकडं बघत पडतो, कारण उठून बाहेरच्या खोलीत गेलं तर जोडीदाराला उठावं लागेल. जेवण जात नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडतो, कारण एकटं राहायची जागा तेवढीच. हे तो कुणाला सांगणार? रिवाज असा, की दुखणंखुपणं आधी जोडीदाराच्या कानावर, मग मिशन प्रेसिडेंटच्या पत्नीला फोन. ती मायेनं चौकशी करते, औषध सुचवते, गरज वाटली तर त्या भागासाठी नेमलेल्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी गाठ घालून देते. हे दांपत्य तीन वर्षं घरदार, नोकरी-धंदा सोडून आलेलं असतं. शंभर-दोनशे मुलांची जबाबदारी त्यांच्यावर असते, आणि त्यांच्यातले अनेक जण ती पोटच्या पोरांसारखी पाळतात. त्यांच्या चांगुलपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

घोडं पेंड खातं ते दुसरीकडं. ज्याच्या हातात मुलाची बदली, नेतेपद आणि शेवटचा शेरा, त्याच्याच घरात दुखण्याचा पहिला फोन जातो. अठरा वर्षांचा मुलगा तिथं मोकळं बोलेल अशी अपेक्षा करणं चूक आहे. तो ‘जरा दमलोय’ एवढंच म्हणतो आणि दुखणं अंगावर काढतो. फोन करतानाही जोडीदार शेजारच्या पलंगावर असतो. त्रास जोडीदाराचाच असेल तर? तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

यातला एक विशिष्ट आजार इथं सविस्तर सांगायला हवा, कारण तो मिशनच्या वातावरणात चटकन वाढतो आणि भक्तीच्या वेषात येतो. काही मुलांना विचारांच्या चक्राचा आजार असतो, ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात. त्याचा धार्मिक प्रकार असा, की मुलाला आपल्या हातून पाप घडलं अशी शंका सतत कुरतडते. साडेसहाऐवजी सहा तेहेतीसला उठलो, प्रार्थनेत मन भरकटलं, एका बाईंकडं क्षणभर जास्त पाहिलं, म्हणून आजचा धडा रद्द झाला. तो बिशपला किंवा प्रेसिडेंटला तीच कबुली पुन्हा पुन्हा देतो, प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. मिशनमध्ये काटेकोर आज्ञापालनावर फार भर असतो, आणि आज्ञा पाळली की आशीर्वाद मिळतो हे सूत्र रोज कानावर पडतं. सूत्र उलटं फिरवायला वेळ लागत नाही: आशीर्वाद मिळाला नाही, म्हणजे आज्ञा मोडली. अशा मुलाला ‘आणखी प्रार्थना कर, आणखी काटेकोर राहा’ हा प्रेमळ सल्ला दिला की आजार बळावतो. उपचाराची दिशा नेमकी उलटी असते. शंका आली तरी कबुली द्यायची नाही, प्रार्थना पुन्हा म्हणायची नाही, ती अस्वस्थता सहन करत बसायचं, हे त्याला प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली शिकावं लागतं, काहींना सोबत औषध लागतं. चांगल्या मनाच्या पण अप्रशिक्षित नेत्याला हे ओळखता येणार नाही. तो त्याचा दोष नाही, पण म्हणूनच पहिला फोन त्याच्याकडं जाऊ नये.

चर्चनं या बाबतीत काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१३ मध्ये मिशनरींच्या ताणाबद्दल एक पुस्तिका निघाली. तिच्यात ताणाच्या चार पायऱ्या रंगांनी दाखवल्या आहेत: हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल. स्वतःचा रंग ओळखायचा आणि त्याप्रमाणं कामाचा वेग कमी करायचा किंवा मदत मागायची. साधी, उपयोगी कल्पना आहे. जानेवारी २०१७ मध्ये दर आठवड्याला वर कळवायचे आकडे नऊवरून चारवर आले. बाप्तिस्मा किती झाले, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख ठरवली, किती जण रविवारच्या उपासनेला आले, नवे किती जण शिकू लागले, एवढंच. डिसेंबर २०१८ पासून मुलींना पँट घालायची मुभा मिळाली. हिवाळ्यात सायकलवर स्कर्ट घालून फिरणाऱ्या मुलीला याचं मोल विचारावं. २०२० मध्ये काही भागांत मुलांना फिका निळा शर्ट आणि टायशिवाय फिरणं चालू लागलं.

सगळ्यात मोठा बदल १५ फेब्रुवारी २०१९ चा. तोवर घरी आठवड्याला एक ईमेल, आणि फोन वर्षातून दोनदाच: नाताळला आणि मातृदिनाला. दोन वर्षांत चार फोन. त्या दिवसापासून दर आठवड्याला तयारीच्या दिवशी फोन किंवा व्हिडिओ कॉल करायला परवानगी मिळाली.

घरच्यांशी न बोलण्याच्या त्या जुन्या नियमाचा उगम समजून घेण्यासारखा आहे, आणि तो धागा पुण्यापर्यंत येतो. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचे या चर्चचे मिशनरी मुंबईत उतरले, मग पुण्याच्या लष्करी छावणीत गेले. गोऱ्या सैनिकांमध्ये आणि त्यांच्या कुटुंबांमध्ये त्यांनी प्रचार केला, छावणीच्या अधिकाऱ्यांचा विरोध सोसला, आणि पुण्यात थोडक्या लोकांची एक मंडळीही उभी राहिली. भारतातलं ते सगळं मिशन काही वर्षांतच आवरलं गेलं. त्या काळी पत्र जहाजानं जाई आणि उत्तर यायला कित्येक महिने लागत. अशा मिशनरीला घरच्यांशी बोलता येत नसे, याचं कारण मधे समुद्र होता. पुढं तारा आल्या, टेलिफोन आले, इंटरनेट आलं, तरी ती शांतता राहिली. अंतरामुळं आलेली गोष्ट नियम झाली आणि नियमाला पावित्र्य चिकटलं. घराची आठवण काढली तर काम बिघडतं, असं मग त्याचं समर्थन होत गेलं. २०१९ मध्ये नियम सुटला, आणि दर आठवड्याला आईचा आवाज ऐकणारी मुलं आज जगभरातल्या शेकडो मिशनांमध्ये त्याच वेळापत्रकानं काम करताहेत. जे अत्यावश्यक समजलं जात होतं, ते निव्वळ सवयीचं होतं. परतीच्या बाबतीतही माझं म्हणणं हेच आहे.

पैशाचं थोडक्यात. अमेरिका, कॅनडा आणि इतर श्रीमंत देशांतल्या मिशनरीला जुलै २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात. त्याआधी २००३ पासून ४०० होते. टोकियोत असो की होंडुरासमध्ये, रक्कम सारखी, ही पद्धत १९९१ पासूनची. म्हणजे २४ महिन्यांचे १२ हजार डॉलर. मुलानं शाळेत असताना गवत कापून, आइस्क्रीमच्या दुकानात राबून साठवलेले, उरलेले आईवडिलांचे, कमी पडले तर मंडळीतल्या कुणाचे. मुलाला त्यातून जेवणाखाण्यापुरते पैसे मिळतात, घरभाडं मिशन कार्यालय भागवतं. हिशोब स्वच्छ आहे. पण ‘सगळ्यांनी माझ्यासाठी पैसे घातलेत’ हे ओझं परत येऊ पाहणाऱ्या मुलाच्या मनावर असतं, ते मोजलं जात नाही.

आता परत येणाऱ्याचं काय होतं ते पाहू. मुदत पूर्ण करून येणारा मुलगा विमानतळावर उतरतो तेव्हा फुगे, फलक, आजी-आजोबा, भाचरं, सगळी हजर असतात. घरी आल्यावर स्टेक प्रेसिडेंट त्याला कर्तव्यातून मुक्त करतो, आणि तो छातीवरची नावाची काळी पट्टी काढतो. रविवारी तो भाषण करतो. लवकर येणाऱ्याच्या वेळी फलक रंगवावेत की नाही हे घरात कुणाला कळत नाही. मंडळीतले लोक वाईट नसतात. काय बोलावं हे न कळल्यानं ते काहीच बोलत नाहीत. आणि मुलगा त्या गप्प बसण्याचा अर्थ लावतो. युटा व्हॅली विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा लवकर परतलेल्या शेकडो जणांना विचारलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांनी अपयशाची भावना असल्याचं सांगितलं. आजारपणामुळं आलेलेही त्यात होते. युटासारख्या ठिकाणी, जिथं शेजारी, मित्र, वर्गातली मुलगी, नोकरी देणारा, सगळे एकाच मंडळीतले असू शकतात, तिथं ‘तू लवकर कसा आलास?’ हा प्रश्न लग्नाच्या बोलण्यापर्यंत पाठ सोडत नाही. लोक काय म्हणतील, ही भीती आपल्याला परकी नाही.

या भीतीपायी मुलं आजार लपवून थांबतात. थांबून काय साधतं? नारिंगी पायरीवर परतलेला मुलगा लवकर सावरू शकतो. लाल पायरीपर्यंत ओढलेल्याला जास्त वेळ लागतो, शिक्षण मागं पडतं, आणि काही वेळा श्रद्धाही जाते. म्हणजे चर्चच्या स्वतःच्या हेतूनंही हा तोट्याचा व्यवहार आहे.

याविरुद्ध मांडला जाणारा मुख्य युक्तिवाद खराच विचार करण्यासारखा आहे. तो असा: वाट सोपी केली तर तिसऱ्या आठवड्यात निम्मी मुलं घर गाठतील. घराची ओढ सगळ्यांनाच असते, ती सहा-आठ आठवड्यांत निवळते, आणि जी मुलं दात-ओठ खाऊन थांबली त्यांना आयुष्यभर त्याचा उपयोग झाला. यातलं पहिलं निरीक्षण बरोबर आहे. पण ओढ आणि आजार यांत फरक करता येतो. ओढ दिवसातून येते-जाते. काम लागलं की विसरते, खाणं-झोप थोडी बिघडून पुन्हा बसते. आजार दिवसभर असतो, आवडीच्या गोष्टींतही गोडी वाटू देत नाही, आणि आठवड्यागणिक वाढतो. हा फरक ओळखायला प्रशिक्षित माणूस अर्ध्या तासात शिकवू शकतो. दार बंद ठेवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

आणि निम्मी मुलं पळून जातील का, याचं उत्तर मार्च २०२० नं दिलं आहे. महासाथीत चर्चला जगभरातले हजारो मिशनरी काही आठवड्यांत मायदेशी आणावे लागले. मुदत संपत आलेल्यांना मानानं मुक्त केलं. बाकीच्यांपुढं पर्याय ठेवला: लगेच नव्या नेमणुकीवर जा, किंवा वर्ष-दीड वर्षानं जा. मुलं घरी होती, आईच्या हातचं जेवत होती, स्वतःच्या पलंगावर झोपत होती, आणि तरी त्यांतल्या हजारोंनी पुन्हा बॅगा भरल्या. लवकर परतल्याबद्दल त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. यावरून दोन गोष्टी दिसतात. दार उघडं असतानाही ज्याला जायचं तो जातो. आणि लाज ही लवकर परतण्यात मुळातच असते असं नाही, ती भोवतालची माणसं देतात किंवा देत नाहीत.

अमेरिकेच्याच पीस कोअरची तुलना इथं उपयोगी पडेल. १९६१ साली सुरू झालेल्या या सरकारी सेवेत तरुण २७ महिने परदेशातल्या गावांत राहतो, भाषा शिकतो, पोट बिघडतं, घर आठवतं. पण स्वयंसेवक कुठल्याही दिवशी सेवा सोडू शकतो. त्यासाठी ठरलेली कार्यपद्धती आहे, आणि तिकिटाची व्यवस्था संस्था करते. काही जण लवकर जातात, बाकीचे राहतात, आणि राहणाऱ्यांना ठाऊक असतं की आपण राहतोय. सैन्याचा दाखला देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की सैनिकाला करार असतो, पगार असतो, तक्रारीची कायदेशीर वाट असते. मिशनरीला यातलं काही नाही. तो कायद्यानं पूर्ण मोकळा आहे. अडवणारी गोष्ट कायद्यात नाहीच, म्हणून ती काढून टाकणं चर्चच्या एकट्याच्या हातात आहे.

काय करता येईल? नेमणुकीच्या पत्रासोबतच एक पान साध्या भाषेत द्यावं: परत जायचं असेल तर कुणाला फोन करायचा, तिकीट कोण काढेल, किती दिवसांत. आईवडिलांनाही तेच पान द्यावं. मुलगा विनंती करेल तेव्हा दोन दिवसांच्या आत त्याचं समुपदेशकाशी बोलणं व्हावं, जोडीदार दुसऱ्या खोलीत किंवा इमारतीबाहेर असताना. मग दोन आठवडे विचाराला, त्या काळात काम निम्मं, झोप पुरी, घरी रोज फोन, आणि बाप्तिस्म्यांचे आकडे त्याच्याकडून कुणी मागू नयेत. त्यानंतरही तो जातो म्हणाला तर जाऊ द्यावं, मन वळवायला कुणी वरिष्ठ पाठवू नये. समुपदेशकाचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून असावा, आणि तो लावायला परवानगी लागू नये. पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ असावा. हरवू नये म्हणून तो कार्यालयात ठेवण्याचा प्रघात काही ठिकाणी राहिला आहे, पण हरवलेला पासपोर्ट वकिलातीतून पुन्हा काढता येतो.

२०१९ पासून अर्जातच शिकवण्याचं मिशन आणि घरी राहून करायचं सेवामिशन अशा दोन्ही वाटा आहेत. दुसऱ्या वाटेत मुलगा अन्नछत्रात, रुग्णालयात, निर्वासितांच्या मदतकेंद्रात काम करतो आणि रात्री घरी झोपतो. प्रकृतीमुळं परतलेल्याला उरलेली मुदत तिथं पुरी करता येते. ही सोय फार चांगली आहे, पण ती दुय्यम समजली जाते तोवर तिचा निम्मा उपयोग वाया जातो. शिकवण्याच्या मिशनवर निघणाऱ्या मुलाच्या निरोपाइतकाच मोठा निरोप सेवामिशनवाल्यालाही मिळू लागला, तर मधेच वाट बदलणारा मान खाली घालणार नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांच्या दारावरही ही जोडी येते. धर्मावर बोलायचं नसेल तर तसं सरळ सांगावं, त्यांना त्याची सवय असते. चहा विचारला तर ते नको म्हणतील. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य आहे, १८३३ च्या एका धर्मवचनानुसार. यात आपला अपमान नसतो. थंड पाणी द्यावं, ताक किंवा लिंबाचं सरबत द्यावं, पोहे उरले असतील तर तेही. सायकल सावलीत लावू द्यावी. घरी फोन कधी झाला, हे विचारलं तर कुठल्याही वयाचं पोर बोलायला लागतं.

राहता राहिली मंडळी, म्हणजे परत येणाऱ्याचं गाव. तिथं करायच्या गोष्टी लहान आहेत. विमानतळावर नेहमीइतकीच माणसं जावीत, मुलानं नको म्हटलं तर कमी. रविवारी बोलायचं की नाही, हे त्याला विचारावं आणि नाही म्हणाला तर पुन्हा विचारू नये. भिंतीवर मिशनरींचे फोटो लावायची पद्धत असेल तर त्याचा फोटो घाईनं उतरवू नये. छातीवरच्या काळ्या पट्टीवर चर्चचं नाव, ‘एल्डर’ ही पदवी आणि आडनाव असतं, पहिलं नाव नसतं, आणि तिथं असेतोवर त्याला सगळे एल्डर आणि आडनाव अशीच हाक मारत होते. दारात आल्यावर त्याला त्याच्या नावानं हाक मारावी, बॅग उचलून आत न्यावी, आणि तो कधी आला असं शेजाऱ्यांनी विचारलं तर आईवडिलांनी तारीख सांगावी.